पिनकोड ९०२१०, पिनकोड ४४१६०१

गोंदियातल्या आमच्या गल्लीत केबल आली, तेव्हा गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो नंतर, १ मे १९९९ रोजी. विजेच्या खांबावरून, शेजाऱ्यांच्या कवेलूंवरून एक काळी वायर आमच्या बैठकीत उतरली आणि तिच्यामागोमाग अमेरिका घरात आली. मी शाळेत इंग्रजी शिकवीत असे. घरातल्या पोरांचे कान इंग्रजीला सरावतील, एवढाच माझा हिशेब होता. पण 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' या मालिकेतली शाळकरी मुले-मुली एकमेकांच्या गळ्यात पडू लागली, की मी उठून टीव्हीचे बटण दाबीत असे. संस्कृतिरक्षणाचे माझे काम तेवढ्यावर भागत असे.

त्या वर्षी माझी भाची आमच्याकडे शिकायला होती. देवरी तालुक्यातल्या तिच्या गावी शाळा दहावीपर्यंतच. विज्ञान घेऊन बारावी करायची, तर गोंदियाला मामाकडे राहणे आले. एका रात्री मी बटण दाबायला उठलो, तर एरवी तोंडातून शब्द न काढणारी ती पोर म्हणाली, "मामाजी, राहू द्या न. थे पोरगी मायासारखीच आहे."

पडद्यावर आन्ड्रिया होती. चष्मा लावणारी, शाळेचे वर्तमानपत्र चालवणारी हुशार मुलगी. मला त्यात साम्य दिसेना. मग भाचीनेच उलगडा केला. ही मुलगी त्या श्रीमंत वस्तीत राहतच नाही. खोटा पत्ता देऊन तिने या शाळेत प्रवेश मिळवला आहे, ती रोज दुरून येते आणि हे कुणाला कळू नये म्हणून जपते. तोडक्यामोडक्या इंग्रजीवर तिने लावलेला हा अर्थ अगदी बरोबर होता. आम्ही मोठी माणसे त्या मालिकेत चुंबने मोजत होतो. पोरीने पत्ता पाहिला होता.

आज वाटते, त्या मालिकेचे मर्म तेच होते. १९९० ते २००० अशी दहा वर्षे ती अमेरिकेत चालली आणि तिच्या नावातच एक पिनकोड होता. अमेरिकेत सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि सहसा मूल ज्या हद्दीत राहते तिथल्याच शाळेत जाते. घरे महाग, म्हणून कर जास्त, म्हणून शाळा चांगली. ज्याचे घर स्वस्त वस्तीत, त्याने काय करावे? आन्ड्रियाने केले ते. पुढे 'डॉसन्स क्रीक', 'द ओ. सी.', 'वन ट्री हिल' अशा मालिका आल्या. त्यांचीही नावे ठिकाणांवरूनच. पोराचे काय होणार हे तो कुठे राहतो यावर ठरते, ही गोष्ट त्या देशाने आपल्या मालिकांच्या पाट्यांवरच लिहून ठेवली होती.

त्याच मालिकेतला ब्रँडन शाळा सुटल्यावर हॉटेलात ताटे उचलतो. बाप चांगल्या नोकरीत आहे, पण कष्टाचा पैसा मुलाने कमवावा, ही तिकडची रीत. आमच्या स्टेशनाबाहेरच्या टपऱ्यांवरही त्याच वयाची पोरे कपबश्या विसळत होती. काम एकच. एकाला त्यातून स्वावलंबन मिळत होते, दुसऱ्याची त्यापायी शाळा सुटत होती.

त्या मालिकांनी प्रश्न झाकले नाहीत, हे मात्र मानले पाहिजे. दारू, अमली पदार्थ, आईबापांचे घटस्फोट, सगळे आले. 'बेव्हर्ली हिल्स'च्या १९९१ मधल्या एका भागात स्कॉट नावाचा मुलगा आपल्या वाढदिवशी वडिलांच्या पिस्तुलाशी खेळता खेळता गोळी लागून मरतो. घरोघरच्या कपाटांत पिस्तुले असणाऱ्या समाजाचे हे चित्र होते. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. तेव्हा 'बफी' या मालिकेचा याच भीतीवर बेतलेला एक भाग तयार होता. तो त्या आठवड्यात थांबवून सप्टेंबरमध्ये दाखवला गेला. आरसा इतका जवळ आला, की त्यावर कापड टाकावे लागले.

खोट होती ती उत्तरांत. पाऊण तासाच्या आत बाप पोराला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवतो, दोघे बोलतात, प्रश्न मिटतो. बंदुकांचा बाजार आणि शाळांचा पैसा स्वयंपाकघरात कसा सुटणार? पण ते टेबल मला अजून आठवते. कारण तेवढेही आमच्या घरात नव्हते.

आमच्या पोरांची गोष्ट तर पडद्यावर आलीच नाही. १९९८ मध्ये झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' आली, ती शहरी इंग्रजी शाळेची. मग २००० पासून सासू-सुनांनी पडदा असा व्यापला, की सोळा वर्षांच्या मुलाला तिथे जागा उरली नाही. २०१९ मध्ये 'कोटा फॅक्टरी' आली. तिच्याही नावात गावच आहे, घर सोडून पोरे जिथे शिकायला जातात ते. पण देवरीहून गोंदियाला आलेल्या मुलीवर मालिका कोण काढणार?

बारावीचे वर्ष आले, तशी मी केबल काढून टाकली. भाचीला घराची आठवण येत होती, भौतिकशास्त्र कळत नव्हते, मामीवर आपला भार पडतो असे तिला वाटत होते. हे मला फार नंतर कळले. मी रोज विचारत होतो ते एवढेच, "अभ्यास झाला का?" ती नापास झाली. धानाचा हंगाम आटोपल्यावर तिचे लग्न झाले. त्या लग्नात अक्षता टाकायला मी होतो.

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचीही आली होती. तिची मुलगी कोपऱ्यात मोबाईलवर कुठलीशी मालिका पाहत होती. भाचीने एकदम विचारले, "मामाजी, त्या आन्ड्रियाचं मंग काय झालं? तुम्ही त बंद करून टाकलं होतं."

मधल्या काळात मी ती मालिका शोधून पाहिली होती. सांगितले, "शाळेत पहिली आली. कॉलेजात असताना लग्न झालं, मुलगी झाली. तरी शिकत राहिली."

"लेकरू झाल्यावर घेतलं तिले कॉलेजनं?"

मी हो म्हणालो. पुढचे वाक्य तोंडातून निघेना. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्येच सुरू झाले होते. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून त्या वेळी तिथे पदवीला जाता येत असे. मी शिक्षक होतो, मला हे ठाऊक होते. तिच्या लग्नाच्या मांडवात, त्यानंतरच्या प्रत्येक भाऊबीजेला, मी ते तिला सांगू शकलो असतो.

शेवटी त्या रात्री सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलीच्या हातातला मोबाईल घेऊन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "त्याच्यात पाहा न मामाजी, आता घेतात का?"