शिक्कामोर्तब झालेला निरोप

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज आपल्या बोलण्यात ‘पक्के ठरणे’ एवढ्याच अर्थाने उरला आहे. वस्तुतः या जोडशब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मराठेशाहीतील राजपत्रावर शिक्का उठे आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब होई. पत्र कोणाचे, हे शिक्क्यावरून कळे; ते कोठे संपले, हे मोर्तबावरून. पुढे कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती मोर्तबाबाहेरची म्हणून उघडी पडे. दूरदूरच्या ठाण्यांशी राज्याचा कारभार कागदावरच चालत असल्यामुळे या दोन खुणांना फार मोल होते.

हा जुना व्यवहार आज आठवण्याचे कारण मात्र अगदी नवे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आता ‘पायथन’ ही संगणकभाषा शिकवली जाते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या अनेक घरांतील मुले हाच अभ्यासक्रम घेतात. त्यांतील होतकरू मुले पुस्तकाबाहेर पाऊल टाकतात, तेव्हा एक प्रश्न त्यांच्यापुढे हटकून उभा राहतो : एका संगणकात दोन आज्ञावल्या एकाच वेळी चालू असता त्यांनी एकमेकींशी बोलावे कसे? हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावा, आणि तो मराठीतून समजावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की चालू असलेली प्रत्येक आज्ञावली, जिला संगणकशास्त्रात ‘प्रक्रिया’ म्हणतात, ती आपापल्या घरात राहते. तिच्या स्मृतीच्या खोलीत दुसरीला डोकावता येत नाही. ही भिंत संगणकाची मूळ व्यवस्थाच घालते, आणि ती हिताची असते. एका घराला आग लागली तरी शेजारचे घर वाचावे, हा तिचा हेतू. परंतु भिंत आली की निरोपाची सोय करणे आले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली सुचवले होते, की बागेतील नळ्या एकीला एक जोडाव्या तशा आज्ञावल्या जोडता आल्या पाहिजेत. ती कल्पना केन थॉम्सन यांनी १९७३ साली ‘युनिक्स’ प्रणालीत प्रत्यक्षात आणली. एका आज्ञावलीतून निघालेला मजकूर नळीतून दुसरीत जाऊ लागला. ही सोय आजही रोजच्या वापरात आहे.

नळीची मर्यादा मात्र नळीतच आहे. तिच्यातून वाहते ते पाणी. एक तांब्या कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे पाणी सांगत नाही. दोन संगणकांना जोडणाऱ्या टीसीपी नावाच्या व्यवस्थेतही अक्षरांचा असाच अखंड ओघ असतो. पाठवणाऱ्याने तीन निरोप पाठवले, तरी घेणाऱ्याच्या हाती पहिल्या खेपेस दीड निरोप पडणे शक्य असते. म्हणजे येथे मोर्तब नाही. ते प्रत्येक आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः योजावे लागते, आणि नवशिके विद्यार्थी नेमके तेथेच अडखळतात.

ही उणीव भरून काढणाऱ्या साधनांपैकी ‘झीरोएमक्यू’ हे एक आहे. लायब्ररी म्हणजे तयार आज्ञांचा संच. आपल्या आज्ञावलीने तो बोलावून घ्यावा आणि वापरावा. मार्टिन सुस्ट्रिक आणि पीटर हिंटजेन्स यांच्या पुढाकाराने २००७ साली या लायब्ररीचे काम सुरू झाले. हिंटजेन्स २०१६ साली निवर्तले. लायब्ररी मुक्त असल्यामुळे तिचे काम पुढे चालू राहिले. पायथनमधून ती वापरण्यासाठी ‘पायझेडएमक्यू’ नावाचा जोडसंच आहे. नावातील शून्याचा एक अर्थ असा, की मध्ये टपालकचेरी नाही; पत्र थेट या दारातून त्या दारात जाते. येथे निरोप पोचला तर सबंध पोचतो, नाही तर मुळीच पोचत नाही. अर्धा कधीही हाती पडत नाही.

वापर पाहावा तर थोडक्यात आहे. एक आज्ञावली ठरलेल्या पत्त्यावर पाटी लावून बसते. दुसरी त्या पत्त्याशी जोडून घेते. पाठवण्याची आज्ञा एक, घेण्याची एक. दोन्हीकडे मिळून वीसेक ओळींत काम भागते. दोन्ही आज्ञावल्या एकाच संगणकात असोत की दोन गावच्या दोन संगणकांत, पत्ता बदलला की पुरे. बाकीच्या ओळी तशाच राहतात.

खरा विचार करावा लागतो तो निरोपाच्या रीतीचा. या लायब्ररीत मुख्य रीती तीन. पहिली प्रश्नोत्तराची : एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, मगच पुढचा प्रश्न. दुसरी घोषणेची : एकाने जाहीर करावे, ज्यांना हवे त्यांनी ऐकावे. तिसरी वाटपाची : एकाने कामे सोडावीत आणि ती अनेकांत वाटली जावीत.

समजा, एका शाळेत एक आज्ञावली गुण नोंदवते आणि दुसरी निकालपत्रक तयार करते. विद्यार्थ्याने हौसेने घोषणेची रीत निवडली, तर काय होईल? घोषणा ही शाळेच्या घंटेसारखी असते. उशिरा आलेल्या मुलासाठी घंटा पुन्हा होत नाही. निकालाची आज्ञावली दोन क्षण उशिरा जोडली गेली, तर पहिल्या काही मुलांचे गुण तिच्या कानी पडतच नाहीत. शिवाय ऐकणारा मंद असेल तर निरोप साचतात. साठ्याची मर्यादा सहसा एक हजार निरोपांची असते, आणि ती भरली की घोषणेच्या रीतीत पुढचे निरोप मुकाट्याने टाकून दिले जातात. वाटपाच्या रीतीत असे होत नाही; साठा भरला की पाठवणारा थांबून राहतो. तापमानाची घटकाघटकाची नोंद हुकली तर बिघडत नाही, कारण पुढची येतेच. मुलाचे गुण हुकले तर त्याचे वर्ष पणाला लागते. गुणांच्या निरोपाला पोच हवी, म्हणून येथे प्रश्नोत्तराचीच रीत योग्य होय.

प्रश्नोत्तरातही एक खोच आहे. उत्तर देणारी आज्ञावली मधेच कोसळली, तर विचारणारी जन्मभर वाट पाहत बसते. यास्तव प्रतीक्षेला मुदत घालावी आणि मुदत टळल्यावर काय करायचे, हे आधीच ठरवावे. पुन्हा विचारायचे, तर तेच गुण दोनदा नोंदले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा. आवक-जावक नोंदवही ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना यात नवे असे काही वाटणार नाही.

हे सारे तत्त्व एके ठिकाणी नांदताना पाहायचे असेल, तर ‘ज्युपिटर’ या वहीकडे पाहावे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली विद्यार्थिदशेत ‘आयपायथन’ सुरू केले. २०११ साली त्याची मांडणी झीरोएमक्यूच्या आधारावर नव्याने झाली आणि २०१४ साली त्यातून ज्युपिटर प्रकल्प निघाला. गॅलिलिओने गुरूच्या उपग्रहांची जी टिपणे ठेवली, त्यांचे स्मरण या नावात आहे. संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संस्थेने २०१७ सालचा प्रणाली-पुरस्कार या प्रकल्पाला दिला.

पडद्यावर विद्यार्थ्याला एक वही दिसते. गणित लिहिले, कळ दाबली, उत्तर खाली उमटले. वास्तविक, वही एका घरात असते आणि गणित करणारी प्रक्रिया दुसऱ्या घरात. तिला ‘कर्नल’ म्हणतात. विद्यार्थ्याने चुकीची आज्ञा दिली आणि कर्नल कोसळला, तरी वहीत लिहिलेला मजकूर शाबूत राहतो; कर्नल तेवढा पुन्हा सुरू करायचा. गणितातील चल राशींच्या किमती जातात, लिखाण जात नाही. शिवाय वहीला पलीकडे कोणती भाषा चालते याच्याशी कर्तव्य नसते. निरोपाचा नमुना पाळला की पायथनच्या जागी ज्युलिया किंवा आर या भाषेचा कर्नल बसवता येतो.

या कर्नलला पाच दारे असतात. एकातून कामाचे निरोप येतात. दुसऱ्यातून तो ‘काम सुरू’, ‘हे उत्तर’, ‘काम संपले’ अशा घोषणा करतो. तिसऱ्यातून तो वापरणाऱ्याकडे काही माहिती मागतो. चौथे दार ‘थांब’, ‘बंद हो’ अशा निकडीच्या हुकुमांचे. ते कामाच्या रांगेत अडकून पडू नयेत म्हणून वेगळे. पाचव्या दारावर नुसती नाडी पाहिली जाते : हाक घातली की तीच हाक परत आली पाहिजे.

निरोपाची रचना तर कचेरीतील पत्रासारखीच आहे. प्रत्येकाला क्रमांक आणि दिनांक. उत्तरात मूळ निरोपाचा मथळा जसाच्या तसा उद्धृत असतो. आपण पत्रात ‘संदर्भ’ म्हणून जी ओळ लिहितो, तीच ही. त्यामुळे दहा उत्तरे उलटसुलट आली तरी कोणते कशाचे, हे कळते. आणि प्रत्येक निरोपावर, दोन्ही पक्षांनाच ठाऊक असलेल्या एका गुप्त किल्लीवरून गणिताने काढलेली सही असते. हाच शिक्का. तो नसता, तर त्याच संगणकावर काम करणारा दुसरा कोणीही मनुष्य कर्नलला ‘या फाइली पुसून टाक’ असा हुकूम धाडू शकला असता. सही जुळली नाही की कर्नल निरोप स्वीकारत नाही.

शिक्क्याच्या मर्यादाही मुलांना सांगितल्या पाहिजेत. शिक्का खरेपणा सांगतो, गुप्तता राखत नाही. पोस्टकार्डावर सही खरी असली तरी मजकूर सर्वांना वाचता येतो. गुप्तता हवी तर निरोप सांकेतिक करण्याची सोय निराळी करावी लागते. तसेच, पायथनमधील वस्तू जशीच्या तशी गाठोड्यात बांधून पाठवण्याचीही एक सोय आहे. अनोळखी माणसाकडून आलेले असे गाठोडे सोडू नये, कारण सोडतानाच त्यातील घातक आज्ञा अमलात येऊ शकते. साध्या अक्षरांचा, जेएसओएन नमुन्याचा निरोप बरा. तो कोणत्याही भाषेला वाचता येतो आणि उघडल्याने काही घडत नाही.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच, की या विद्येचा कठीण भाग यंत्रात नाही, व्यवहारात आहे. निरोप कोणाचा? तो कोठे संपतो? कोणत्या निरोपाचे हे उत्तर? उत्तर आले नाही तर किती थांबावे आणि मग काय करावे? आपल्या मुलाने किंवा मुलीने दोन आज्ञावल्या जोडायला घेतल्या, की वडीलधाऱ्यांनी संगणकाचे ज्ञान नाही म्हणून दूर बसू नये. हे चार प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे कागदावर मराठीत लिहून मागावीत. ज्या मुलाला ती लिहिता येतील, त्याच्या आज्ञावलीत एकाही विद्यार्थ्याचे गुण वाटेत हरवणार नाहीत.