रताळ्याचे गोड काप : मोर्शीचे आणि जपानचे

कंद एक, पाक दोन

मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला महाशिवरात्रीची यात्रा भरते. रताळ्याचे गोड काप हा महाशिवरात्रीच्या उपवासाचा पदार्थ. जपानमधला त्याचा भाऊबंद ‘दाइगाकु-इमो’, म्हणजे ‘विद्यापीठ-रताळं’. २०व्या शतकाच्या पूर्वार्धात टोकियोच्या विद्यार्थ्यांमध्ये तो लोकप्रिय झाला. कंद एकच, म्हणून पदार्थही एकच असं वाटेल. पण फरक कृतीत आहे. आपल्याकडे चकत्या तुपावर परतून, गूळ किंवा साखर घालून झाकण ठेवतात. पाक आत मुरतो, काप मऊ होतात. तिकडे फोडी आधी तेलात तळतात, मग घट्ट पाकात घोळवून वर काळे तीळ भुरभुरतात. पाक बाहेरच राहतो. कवच कुरकुरीत, गाभा मऊ. ‘इमो-केनपी’ हा तिथलाच प्रकार आणखी वेगळा : बारीक काड्या, पूर्ण कडक.

परदेशी कंद उपवासाला कसा, हा आक्षेप टिकत नाही. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. पण बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंदही तिथलाच. उपवासाला नेहमीची धान्यं वर्ज्य. पिकाचं मूळ गाव कुणी विचारत नाही. जपानलाही रताळं १७व्या शतकात रयुक्यू बेटांमार्गे बाहेरूनच पोचलं. बटाट्याशी मात्र त्याचं जवळचं नातं नाही : बटाटा म्हणजे खोड, रताळं म्हणजे मूळ.