मेथीच्या पुऱ्या आणि सरीतली भाजी



आपल्या वार्तापत्रात लागण, बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. पण उसाच्या रानातून पाटीत बसून घरात काय येते, यावर फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून या वेळी मेथीच्या पुऱ्या. पुरुष मंडळींनी पान उलटू नये. शेवटी त्यांच्याच कामाची एक गोष्ट आहे.

पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. उसाचे कोंब वर येऊन रान झाकायला बरेच दिवस लागतात, तोवर वरंब्याच्या बगला मोकळ्याच असतात. तिथे मेथी टाकली की पंचवीस-तीस दिवसांत हाताशी येते. बाळबांधणीच्या आत रान मोकळे होते, उसाला अडचण नाही. मेथी द्विदल असल्याने तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरतात, तोही फायदा. विकायचे म्हणाल तर थंडीत बाजारात मेथीची आवक एकदम वाढते आणि जुडीला गाडीभाडेही सुटत नाही. अशा वेळी चार जुड्या घरी आणा आणि पुऱ्या करा.

प्रमाण सांगते. दोन वाट्या कणीक, दोन चमचे बेसन, एक चमचा बारीक रवा. निवडून बारीक चिरलेली मेथी दाबून दीड वाटी. तीन-चार हिरव्या मिरच्या, सहा-सात लसणीच्या पाकळ्या आणि चमचाभर जिरे एकत्र वाटून घ्यावे. अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, चमचाभर तीळ, हळद, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन. एवढ्यात लहान-मोठ्या मिळून वीस-बावीस पुऱ्या होतात.

मेथी तीन पाण्यांतून धुवावी. दंडाची माती तळाला बसते, म्हणून पाणी ओतून देण्याऐवजी भाजी हाताने वर काढून घ्यावी. देठ घेऊ नये, फक्त पाने आणि कोवळे शेंडे घ्यावेत. काहीजणी कडूपणा जावा म्हणून चिरलेल्या मेथीला मीठ लावून पाणी पिळून टाकतात. मला ते पटत नाही. कडूपणाबरोबर चवही जाते, आणि मग मेथी घातली कशाला? फारच कडू वाटली तर नखाएवढा गूळ घालावा.

आता मळणे. इथेच बहुतेकांच्या पुऱ्या बिघडतात. मीठ लागले की मेथीला पाणी सुटते. त्यामुळे आधी पीठ, भाजी आणि मसाला कोरडेच एकत्र चोळायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि मग लागेल तेवढाच पाण्याचा हबका मारत घट्ट मळायचे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा चांगलेच घट्ट हवे. दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि लगेच लाटायला घ्यावे. तासभर ठेवलेत तर भाजी पाणी सोडत राहते, गोळा सैल होतो, मग वरून पीठ लावायची पाळी येते. ते कोरडे पीठ कढईत तळाला जाऊन जळते आणि तेल काळे करते. लाटताना पोळपाटाला तेलाचे बोट लावावे, पीठ नव्हे.

पुरी का फुगते? पिठातल्या ओलाव्याची तापलेल्या तेलात एकदम वाफ होते आणि ती दोन पापुद्र्यांना वेगळे करते. एखादा जाड देठ किंवा मोठे पान आडवे आले की पुरीला भोक पडते. वाफ त्यातून निसटते आणि तेल आत शिरते. पुरी चपटी राहते ती राहते, वर तेलकटही होते. माझ्या सासूबाई कढईकडे न बघताच सांगायच्या, "देठ राहिलाय बघ, दुसरीबी फुटणार." आणि दुसरीही फुटायची. तेल तापले का हे बघायला पिठाची गोळी सोडावी. तळाला जाऊन लगेच वर आली की तेल तयार. पुरी सोडल्यावर झाऱ्याने हलकेच दाबावी, फुगली की उलटावी.

पालकाच्या पुऱ्यांची तऱ्हा वेगळी. पालक दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून, गार करून, पाणी न घालता वाटावा आणि त्या वाटणातच कणीक भिजवावी. रंग सुरेख येतो, मुले खातात. चाकवत आणि तांदुळजाही चालतो. उरलेल्या तेलात पुन्हा पुन्हा तळण काढू नये. गाळून ठेवावे आणि दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावे.

आता कोणी म्हणेल, तळलेले खाऊन कुणाचे भले झाले? खरे आहे. पुऱ्या रोज करायच्या नाहीत, रोजच्याला धपाटे आहेतच. पण आपल्या घरांतल्या बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हेही तितकेच खरे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना पंडुरोग आढळला. ऊसपट्ट्यात पैसा आला तरी पालेभाजी सगळ्यांची जेवणे झाल्यावर बाईच्या ताटात किती उरते, ते आपापल्या घरी बघावे. भाजीतले लोह अंगी लागायला सोबत लिंबू पिळावे किंवा पेरू-आवळा खावा. आणि पुरीबरोबर चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. ही सवय मोडणे मलाही जड गेले.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वीची, आमच्याच घरची. सुरू लागण दोन महिन्यांची होती. संध्याकाळी सरीतून घोळ, माठ आणि तांदुळजा ओटीभर खुडून आणला. निवडताना काही शेंडे वाकडे आणि देठ पिळवटलेले दिसले. उन्हाने झाले असेल म्हणून तेवढे बाजूला काढले, बाकीची भाजी चिरून पुऱ्यांचे पीठ मळले. कढई चढवली आणि मालक आत आले. परातीतला हिरवा गोळा बघून म्हणाले, "भाजी कुठली?"

"वरच्या पट्टीतली."

ते काही बोललेच नाहीत. कढई खाली उतरवली. तीन दिवसांपूर्वी त्या पट्टीत त्यांनी रुंद पानाच्या तणासाठी २,४-डी मारले होते, आणि घरात सांगायचे राहून गेले होते. ते पीठ म्हशीलाही घातले नाही, खड्डा करून पुरले. पोरे पुऱ्या पुऱ्या करत भाताबरोबर ताक पिऊन झोपली.

हे औषध पानातून झाडाच्या अंगात उतरते, ते धुवून निघत नाही. शेंडे वळायच्या आधी तर भाजी अगदी चांगली दिसते, ताजी फवारणी डोळ्यांना ओळखू येत नाही. मुद्दाम पेरलेल्या मेथीच्या रानात हे औषध कोणी मारणार नाही, कारण मेथीच मरेल. घोटाळा होतो तो आपोआप उगवलेल्या भाजीत, बांधावर, आणि शेजारच्या फवाऱ्याचा वारा येतो त्या कडेच्या ओळीत.

आणि तोडणीवाल्या बायकांचे काय? पहाटेपासून मोळ्या बांधून परतताना त्या वाटेवरच्या रानातली भाजी खुडतात, खोपीवर तेच कालवण होते. नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या खोडव्यात तणनाशक मारलेले असते. त्या परमुलखातून आलेल्या, त्यांना कोण सांगणार? गेल्या हंगामात एक जण बांधावरून विचारत होती, "वहिनी, ह्या वावरातली घोळ घेऊ का?" तिने विचारले म्हणून बरे. न विचारता घेणाऱ्याही असतातच, आणि मूठभर भाजीसाठी त्यांनी विचारत बसावे अशी अपेक्षा आपण तरी का करावी?

त्या दिवसापासून आमच्याकडे औषध मारले की पट्टीच्या चारी कोपऱ्यांना काठी रोवून लाल चिंधी बांधतात. जुन्या लुगड्याच्या चिंध्या मी फाडून दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवल्या आहेत. पंप पाठीला लावायच्या आधी मालक त्यातल्या चार काढून नेतात. त्या भागात तोड आली की टोळीच्या मुकादमालाही चिंधीचा अर्थ सांगून ठेवतो. चिंध्या निघेपर्यंत त्या रानातली काडीही कोणी घेत नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही.