जाणत्यांचं पुस्तक, कोसबाडच्या कसोटीवर

डहाणू रोडहून विरारकडे निघालेली लोकल वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा असे थांबे घेत ६४ किलोमीटर जाते. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, आणि नोकरी मुंबईला व घर डहाणूला असा संसार आमच्यासारख्यांना जमेल असं वाटू लागलं. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितो. गाडीत लॅपटॉप उघडायला जागा मिळेलच असं नाही, पुस्तक मात्र उभ्यानेही वाचता येतं. प्रोग्रामिंगची जाडजूड पुस्तकं मी ऑफिसपेक्षा या गाडीत जास्त वाचली. काही अर्ध्यावर सोडली, काही तीनतीनदा वाचली.

डहाणू-तलासरीकडची मुलंमुली आता या धंद्यात येऊ लागली आहेत. कुणी मुंबईला जातं, कुणी महामार्गाने अच्छाडची हद्द ओलांडून वापीकडे. पाच-सात वर्षं काम झालं की त्यांतलं कुणी तरी विचारतं, "दादा, आता पुढचं कुठलं पुस्तक घेऊ?" पुस्तक महाग असतं आणि त्याला द्यावा लागणारा वेळ त्याहून महाग. म्हणून या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यावं असं फार दिवस मनात होतं.

कोसबाडची शिकवण

पुस्तक पारखायची कसोटी मला घराजवळ, कोसबाडच्या टेकडीवर सापडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ साली ते काम कोसबाडला आलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा बालवाडी पाड्यातल्या अंगणात गेली. गुरं राखणारी मुलं कुरणावर असत, तेव्हा शाळा कुरणावर गेली. खडे, बिया, पानं हीच शिकवायची साधनं झाली. गेलेल्या शेळ्या आणि परत आलेल्या शेळ्या यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुलाला गणित येतच असतं. त्याच्या हिशेबाला अंक आणि चिन्हं द्यायची, एवढं काम गुरुजींचं.

शिकणारा रिकाम्या हाताने येत नाही, हे या दोघींनी कामातून दाखवून दिलं. लहान मुलाबाबत हे खरं असेल, तर दहा वर्षं प्रोग्राम लिहिलेल्या माणसाबाबत ते किती तरी पटींनी खरं आहे. त्याच्याजवळ फसलेले प्रोग्राम असतात, रात्री-अपरात्री आलेले फोन असतात, आणि 'हे असंच करायचं' म्हणून अंगवळणी पडलेल्या शेकडो सवयी असतात. त्या सवयींमागचं कारण त्याला बहुधा माहीत नसतं. जाणत्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाने या शिदोरीपासून सुरुवात करायला हवी.

यातून मी तीन प्रश्न बांधले. माझ्याजवळ आधीच जे आहे, तिथून हे पुस्तक सुरू होतं का? वाचल्यावर तीच जुनी गोष्ट मला वेगळी दिसू लागते का? आणि ते माझ्या हाताला काम देतं का?

पहिली पायरी आणि तिच्या पुढची

महाराष्ट्रातल्या बहुतेकांची पहिली पायरी म्हणजे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. छोटे प्रोग्राम, भरपूर सराव, सोपी भाषा. आयआयटी मुंबईच्या अभिराम रानडे यांचं सी प्लस प्लसवरचं पुस्तक कासवाकडून पडद्यावर रेघा काढून घेत नवख्याला प्रोग्रामिंगमध्ये आणतं. ही पुस्तकं आपल्या कामात चोख आहेत. नवख्याला 'कसं करायचं' हे हवं असतं आणि ते तिथे मिळतं.

जाणत्याला 'असंच का' हे हवं असतं. 'प्रगत' असा शिक्का असलेली पुष्कळ पुस्तकं इथेच घसरतात. पहिली दीडशे पानं चल, अटी आणि आवर्तनं यांतच जातात, कारण प्रकाशकाला कुठलाच वाचक गमवायचा नसतो. किंवा उलट, एखाद्या साधनाच्या ताज्या आवृत्तीतली सगळी बटणं ओळीने सांगितलेली असतात. दोन वर्षांत बटणं बदलतात आणि पुस्तक रद्दीत जातं.

ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं १९७८ सालचं सी भाषेवरचं पुस्तक आजही हाताशी राहतं, ते लेखकांनी वाचकाच्या जाणतेपणावर विश्वास टाकला म्हणून. वाचकाने आधी प्रोग्राम लिहिलेले आहेत असं गृहीत धरून ते बोलतात आणि एक शब्द वाया घालवत नाहीत. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा'चंही तसंच. २००१ साली त्यात ५७ सूचना होत्या, २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ९० झाल्या. प्रत्येक सूचना स्वतंत्र आहे. आधी नियम येतो, मग त्यामागचं कारण, मग तो कुठे मोडावा हे. बोईसरला उघडलेली सूचना पालघरला संपते आणि उरलेला रस्ता आपल्याच जुन्या चुका आठवण्यात जातो.

मार्टिन फाउलर यांचं 'रीफॅक्टरिंग' १९९९ साली जावातल्या उदाहरणांनी आलं. २०१८ ची आवृत्ती जावास्क्रिप्टमध्ये लिहिली गेली. भाषा बदलली तरी मूळ सल्ला तोच राहिला: चालता प्रोग्राम लहान लहान पावलांनी सुधारा आणि प्रत्येक पावलानंतर तपासा. उदाहरणांची भाषा बदलूनही जे पुस्तक उभं राहतं, ते टिकाऊ. चार लेखकांनी मिळून लिहिलेलं १९९४ सालचं 'डिझाइन पॅटर्न्स' या बाबतीत थोडं मागे पडतं. त्यातल्या २३ रचनांपैकी काही आता भाषांमध्येच मुरल्या आहेत. पण त्याने प्रोग्रामरांना आपसात बोलायला सामाईक नावं दिली, आणि ती नावं अजून रोज वापरली जातात.

तीन आकार

दुसऱ्या प्रश्नावर माझ्या मते सगळ्यांत खरं उतरणारं पुस्तक म्हणजे हॅरोल्ड एबेलसन आणि जेराल्ड सस्मन यांचं १९८५ सालचं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कम्प्यूटर प्रोग्राम्स'. अमेरिकेतल्या एमआयटीच्या पहिल्या वर्षासाठी ते लिहिलं गेलं, पण त्याची गोडी दहा वर्षं काम केलेल्याला जास्त कळते. १९९६ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, २०२२ साली जावास्क्रिप्टमधली.

त्यात चित्रांची एक छोटी भाषा आहे. पीटर हेंडरसन यांनी एशर या चित्रकाराची नक्षी प्रोग्रामने मांडली होती, तिच्यावरून ती घेतलेली आहे. तो भाग वाचताना मला डहाणूच्या भिंती दिसू लागल्या. वारली चित्रात गोल, त्रिकोण आणि चौकोन. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल म्हणजे डोकं, रेघा म्हणजे हातपाय. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मी त्या भागातले स्वाध्याय वारली माणूस घेऊन सोडवले. आधी मी माणूस काढायचा प्रोग्राम माझ्या सवयीने लिहिला होता. डोकं अमुक ठिकाणी, खांदा तमुक ठिकाणी, सगळे आकडे आतच. माणूस तिरका काढायचा तर प्रत्येक रेघेचं गणित पुन्हा करावं लागे. पुस्तकाची रीत निराळी. तिथे चित्र म्हणजे एक क्रिया: तिला चौकट द्यायची, ती चौकटीत बसेल असं चित्र काढते. चौकट म्हणजे एक कोपरा आणि तिथून निघणाऱ्या दोन बाजू. चौकट तिरकी केली की माणूस आपोआप तिरका होतो, आपण तिरके झालो हे माणसाला ठाऊकही नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. दोन चित्रं शेजारी ठेवली की जे तयार होतं, तेही चित्रच. म्हणजे माणूस आणि माणूस मिळून जोडी, जोडी आणि जोडी मिळून रांग, रांगेवर रांग मिळून मिरवणूक, आणि प्रत्येक पायरीला जोडायची रीत तीच. माझ्या आधीच्या प्रोग्राममध्ये रांगेसाठी वेगळा कोड होता आणि मिरवणुकीसाठी वेगळा. पंधरा वर्षं मी तसंच लिहीत आलो होतो. नवी माहिती म्हणावी असं त्या पानांत फारसं काही नव्हतं, पण ती वाचल्यापासून मी जुन्या पद्धतीने लिहू शकलो नाही.

दोन डॉक्टर

पहिल्या प्रश्नाचं उत्तम उत्तर मार्टिन क्लेपमन यांच्या २०१७ सालच्या 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अॅप्लिकेशन्स'मध्ये आहे. एका जुन्या कामात माझ्या हातून अशी चूक झाली होती की गोदामात एकच पेटी शिल्लक असताना दोन पेट्या विकल्या गेल्या. दोन खिडक्यांनी एकाच क्षणी 'शिल्लक एक' असं वाचलं आणि दोघींनी 'शून्य' लिहिलं. चूक सापडायला आठवडा गेला. नोंदीला कुलूप लावून मी ती दुरुस्त केली आणि विषय संपला असं धरून चाललो.

क्लेपमन यांच्या सातव्या प्रकरणात हीच चूक नावासकट भेटली, आणि लेखक तिथे थांबत नाहीत. ते दोन डॉक्टरांचं उदाहरण देतात. रुग्णालयात निदान एक डॉक्टर हजर हवा असा नियम आहे. दोघे हजर आहेत, दोघांनाही बरं वाटत नाही. दोघे एकाच वेळी रजेचं बटण दाबतात. प्रत्येकाच्या खेपेला प्रणाली पाहते की दोन डॉक्टर आहेत, म्हणजे एक गेला तरी चालेल. दोघांनाही रजा मिळते आणि मागे एकही डॉक्टर उरत नाही. इथे प्रत्येकाने स्वतःचीच नोंद बदलली आहे, म्हणून माझं एका नोंदीचं कुलूप काहीच कामाचं नाही. ग्रामीण भागात राहणाऱ्याला या उदाहरणाचं गांभीर्य समजावून सांगावं लागत नाही. माझ्या अनुभवाला हात घालून पुस्तकाने मला त्याच्या पुढे नेलं. जाणत्याचं शिक्षण ते हेच.

आपल्या अंगणातली

या विषयात आपल्याकडच्या लोकांनीही भक्कम काम केलं आहे. आयआयटी मुंबईचे धनंजय धामधेरे यांचं 'सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स' अनेक पिढ्यांनी परीक्षेसाठी वाचलं. ते दहा वर्षांनी पुन्हा उघडावं. असेंब्लर आणि लोडर काय करतात हे तेव्हा पाठ केलेलं असतं, आता समजतं. डेटाबेसवरचं जगभर शिकवलं जाणारं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पुस्तकाचे एस. सुदर्शन सहलेखक आहेत, तेही आयआयटी मुंबईचेच.

उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं २००९ सालचं 'डेटा फ्लो अॅनालिसिस' हे खऱ्या अर्थाने जाणत्यांचं पुस्तक. कंपायलर आपला प्रोग्राम न चालवताच त्याच्याबद्दल काय काय ओळखू शकतो, याचं गणित त्यात आहे, आणि शेवटी ते गणित जीसीसी या रोजच्या वापरातल्या कंपायलरमध्ये कसं उतरवायचं हेही आहे. वाचायला जड आहे. पण सिद्धांत आणि चालतं यंत्र एकाच पुस्तकात भेटणं दुर्मीळ, म्हणून त्या जडपणाची किंमत द्यावी.

पुस्तक कसं पारखावं

विकत घेण्याआधी मधलंच एक प्रकरण वाचावं, ज्या विषयात आपण स्वतः ठेच खाल्ली आहे ते. लेखकाला ती ठेच ठाऊक आहे की नाही, हे दहा पानांत कळतं. मग त्या प्रकरणातला एक विचार स्वतःच्या जुन्या कोडवर चालवून पाहावा. कोडमध्ये काहीच बदलावंसं वाटलं नाही, तर पुस्तक परत ठेवावं.

तिसरा प्रश्न हाताच्या कामाचा. स्वाध्यायांची मांडणी पाहावी. डोनाल्ड क्नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रामिंग'चा पहिला खंड १९६८ सालचा, ४बी हा खंड २०२२ सालचा. त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पन्नास असा अवघडपणाचा आकडा आहे. क्षणात सुटणाऱ्यापासून संशोधकांनाही न सुटलेल्यापर्यंत सगळे प्रश्न एकाच रांगेत बसतात आणि वाचकाला आपली पायरी दिसते. पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला क्नुथ २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस देत आले आहेत. चुका शोधायला बोलावणारा लेखक वाचकाला बरोबरीचा मानतो. चुकांची यादी जाहीर करणाऱ्या पुस्तकावर मी जास्त विश्वास ठेवतो.

आता यंत्रंच कोड लिहू लागली आहेत, मग एवढं वाचायचं कशाला, असं तरुण सहकारी विचारतात. दोन डॉक्टरांची चूक असलेला कोड यंत्रही लिहू शकतं, आणि तो चाचणीत पासही होतो. समोर आलेल्या कोडवर सही करायची की नाही, हे ठरवणारं डोकं आपल्यालाच घडवावं लागतं.

आणखी एक सांगतो: ही पुस्तकं एकट्याने वाचू नयेत. आम्ही चौघं-पाच जण रविवारी एका चिकूच्या वाडीत बसतो. पुस्तक इंग्रजी, चर्चा मराठीत. मराठीत समजावताना अडखळलो की ओळखावं, आपल्याला ते कळलेलं नाही.

तारप्याभोवती

अशाच एका रविवारी आम्ही तारपा नाच पडद्यावर आणला होता. माणसाचं चित्र तयार होतं, चौकटी गोलात फिरवल्या, नाचणारे सुबक वर्तुळात उभे राहिले. तारपा वाजवणारा सोयीसाठी एका कोपऱ्यात ठेवला. वाडीत कामाला येणाऱ्या वारली मावशी मागून पाहत होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की तारपेवाला मध्ये असतो, साखळी अशी बंद नसते, ती त्याच्यामागून वळत जाते, आणि तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही.

आम्ही चौकटी मांडणारी क्रिया बदलली. प्रत्येक पुढच्या चौकटीचं केंद्रापासूनचं अंतर थोडं थोडं वाढवलं, तारपेवाला मध्ये आणला, चौकटींची तोंडं त्याच्याकडे वळवली. पाच-सात ओळींचं काम. माणसाच्या चित्राला हातही लावावा लागला नाही. माझ्या जुन्या सवयीने लिहिलं असतं तर सगळं मोडून पुन्हा बांधावं लागलं असतं, आणि कदाचित मी मावशींना म्हणालोही असतो की आता राहू द्या.

जाणत्याने पुढचं पुस्तक याचसाठी वाचायचं. ज्याला विषय खरोखर ठाऊक आहे, त्याने येऊन चूक दाखवली, की ती दुरुस्त करायला आपल्या कोडमध्ये जागा हवी. मावशींनी नवी साखळी पाहिली, बोट ठेवून नाचणारे मोजले आणि मान हलवली. मग आम्ही पुढचं प्रकरण उघडलं.