मावशीच्या टेबलावरचा कॅमेरा

२००७ च्या दिवाळीनंतर माझ्या मावशीचा दिवस पहाटे पाचला सुरू होऊ लागला. साडेपाचला कोथरूडच्या तिच्या घरातला संगणक चालू झालेला असे. न्यू जर्सीत तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असत आणि माझी मावसबहीण कामावरून घरी आलेली असे. पहाटेचं दुसरं कारण बीएसएनएलचं होतं. मावशीच्या ब्रॉडबँड योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळातला वापर मोजला जात नसे. लेकीला डोळ्यांनी बघत बोलायचं, तर तेवढेच सहा तास परवडणारे.

संगणक जुना होता आणि त्यातलं विंडोज व्हायरसने पार खिळखिळं झालेलं. मी त्यावर डेबियन लिनक्स घालून दिलं. मावशीने कुरकुर न करता ते शिकून घेतलं. लिनक्सवरच्या स्काइपमध्ये चित्र दिसायची सोयही त्याच नोव्हेंबरात आली होती. अडलं ते फक्त कॅमेऱ्यापाशी. तपकीर गल्लीतून आणलेल्या त्या कॅमेऱ्याच्या खोक्यात विंडोजची सीडी होती, लिनक्सचा उल्लेखही नव्हता.

पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘प्लग’च्या, बैठका तेव्हा मॉडेल कॉलनीत अतुर सेंटरला, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत होत. तिथे मी कॅमेरा पिशवीत घालून नेला. एका ज्येष्ठ सभासदाने खोक्यावरचं नावसुद्धा वाचलं नाही. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दे म्हणाला. पडद्यावर एक आकडा उमटला: शून्य-ए-सी-आठ, तीन-शून्य-एक-बी. पहिला भाग चिप करणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. खोक्यावरचं नाव कुणाचंही असो, आत झी-स्टारची चिप होती, आणि लिनक्सला विचारायचं ते त्या चिपबद्दल. ही एक गोष्ट कळली आणि पुढची सगळी वर्षं मला वाट दिसत राहिली. आधी यंत्राला कॅमेरा दिसतो का, मग त्याला चालवणारा ड्रायव्हर लागला का, मग ‘व्हिडिओ शून्य’ ही फाइल तयार झाली का, ती उघडायची परवानगी आपल्याला आहे का, आणि शेवटी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ती अडवून तर ठेवली नाही ना. हा क्रम सोडून शेवटाकडून शोधायला गेलं की अख्खी दुपार वाया जाते. माझ्या अशा कितीतरी गेल्या.

त्या चिपचा ड्रायव्हर होता जीएसपीसीए. तो मिशेल झार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी फावल्या वेळात लिहिला होता. डॉक्टर म्हणजे पेशंट तपासणारे डॉक्टर. त्यांच्या एका ड्रायव्हरवर दोनशेहून अधिक प्रकारचे वेबकॅम चालत. कंपन्या माहिती देत नसल्याने पुष्कळसं काम कॅमेरा काय पाठवतो ते निरखून, अंदाज बांधत करावं लागे. कंपनीने हात आखडता घेतला की काय होतं, ते फिलिप्सच्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत दिसलं होतं. त्यांच्या ड्रायव्हरचा अर्धा भाग बंद होता. चित्र उलगडणारा तो भाग करारामुळे उघड करता येत नव्हता. ऑगस्ट २००४ मध्ये त्या बंद भागासाठी ठेवलेली खिडकी कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, काढली गेली, तेव्हा लेखकाने आपला सगळाच ड्रायव्हर मागे घेतला. चालते कॅमेरे एकदम निकामी झाले. मग ल्यूक सॅलार यांनी उलगडण्याची रीत नव्याने शोधून तो ड्रायव्हर पुन्हा उभा केला. ज्यांचं नावही आपल्याला ठाऊक नाही अशा माणसांच्या रात्री मावशीच्या पहाटेमागे होत्या, असं मला तेव्हाही वाटे, आजही वाटतं.

जीएसपीसीए तेव्हा कर्नलच्या बाहेर होता. कर्नलची सुधारित आवृत्ती आली की तो नव्याने बांधावा लागे. संगणकाने अपडेट घेतला की दुसऱ्या दिवशी पहाटे माझा फोन वाजे. ‘अगं, आज पुन्हा काळं दिसतंय.’ मी स्कूटर काढून निघे.

२००८ साल या सगळ्यात मोलाचं ठरलं. जुलैत आलेल्या २.६.२६ या कर्नलमध्ये लॉरां पिंशार यांचा यूव्हीसी ड्रायव्हर आला, आणि ऑक्टोबरात २.६.२७ मध्ये जीएसपीसीए. यूव्हीसी म्हणजे यूएसबीवरून चित्र पाठवायची सर्वांनी मान्य केलेली पद्धत. तिची पहिली आवृत्ती २००३ ची. ती पाळणारा कुठलाही कॅमेरा एकाच ड्रायव्हरवर चालतो.

मावशीच्या कॅमेऱ्याला मात्र कर्नलमधला प्रवेश आधी महागच पडला. चित्र उलगडण्याचं काम कर्नलने करायचं नाही, बाहेरच्या लायब्ररीने करायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी हान्स द गूडे यांनी लिबव्ही४एल लिहिली. जुन्या स्काइपला ती माहीतच नव्हती. म्हणून ती आधी चढवून मग स्काइप सुरू करणारी एक ओळ मी एका चिन्हामागे लपवली आणि चिन्हाला मावसबहिणीचं नाव दिलं. मावशी ते दाबायची आणि लेक दिसायची.

२०१० च्या हिवाळ्यात मावसबहीण आली ती अमेरिकेतून नवा, यूव्हीसी पाळणारा कॅमेरा घेऊन. लावला आणि चालला. मला काहीच करावं लागलं नाही, याचं नवल वाटलं. पण ती परत गेल्यावर मावशीचा फोन: ‘तिला माझ्या तोंडावर पट्टे सरकताना दिसतात.’ दिवसा मी जाऊन बघितलं तर चित्र स्वच्छ. मग मुक्कामाला राहिले आणि पहाटे पाहिलं. पट्टे होते. पहाटे खोलीत उजेड असे तो ट्यूबलाइटचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून १२० वेळा. कॅमेरा अमेरिकेच्या ठोक्यावर लावलेला होता. प्रत्येक चित्रासाठी तो जेवढा वेळ उजेड घेई, त्यात आपल्या ट्यूबचे ठोके पूर्ण बसत नसत. आणि चित्र वरून खाली ओळीओळीने टिपलं जात असल्याने कुठली ओळ उजळ, कुठली मंद. ‘व्ही४एल२-सीटीएल’ने ‘पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी’ दोनची एक केली, आणि पट्टे गेले. कॅमेरा उपटून पुन्हा लावला की आकडा मूळपदावर जाई, म्हणून तो जोडताच आज्ञा आपोआप सुटावी अशी सोय केली. इतक्या वर्षांच्या दुरुस्तीत मला सर्वांत समाधान देणारी दुरुस्ती हीच. दोष कॅमेऱ्याचाही नव्हता आणि ट्यूबचाही. दोघांचा ताल वेगळा होता, एवढंच.

पुढची दहा वर्षं फारसं काही घडलं नाही, आणि ते चांगलंच होतं. मग मार्च २०२० आला. राज्यातले पहिले करोनाचे रुग्ण पुण्यातच सापडले, आणि पंधरवड्यात टाळेबंदी लागली. दुकानांत वेबकॅम मिळेनासे झाले. मावशीच्या इमारतीतल्या गणिताच्या बाईंकडे दोन होते: एक चेहऱ्यासाठी, एक वहीवर रोखलेला. दुसरा चालू केला की ‘यंत्रात जागा शिल्लक नाही’ असा संदेश येई. बाईंनी घाबरून जुने फोटो खोडायला घेतले होते. मी फोनवरच थांबवलं. ही जागा डिस्कची नाही, यूएसबीच्या वाटेची असते. ६४० बाय ४८० चं साधं, न दाबलेलं चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचं तर जवळजवळ १४७ मेगाबिट लागतात. यूएसबी २ ची वाट सगळी मिळून ४८० ची, आणि कॅमेरे गरजेपेक्षा जास्त रुंदी आधीच राखून ठेवतात. दोन्ही एकाच हबवर होते. एक काढून कॅबिनेटच्या मागच्या वेगळ्या कंट्रोलरवर लावायला सांगितलं. सोमवारी त्यांचा नववीचा तास झाला.

आता नव्या लॅपटॉपांत पुष्कळदा यूव्हीसी पाळणारा कॅमेराच नसतो. प्रोसेसरला थेट जोडलेला उघडा सेन्सर असतो, आणि त्यामागचं सगळं काम सॉफ्टवेअरने करायचं असतं. चिपचा आकडा शोधण्याचे दिवस पुन्हा आलेत. त्यासाठीचा लिबकॅमेरा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला, आणि त्यात पुन्हा पिंशार आहेतच.

५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. त्या आठवड्यात मावशीच्या टेबलाचा खण आवरताना तपकीर गल्लीतला तो कॅमेरा सापडला. डेबियन १२ वर जोडला. शून्य-ए-सी-आठ, तीन-शून्य-एक-बी. ड्रायव्हर लगेच लागला. त्याचं भिंग हाताने फिरवून नेमकं करावं लागतं, हे मी विसरले होते. मावशी विसरली नव्हती. तिने दोन बोटांनी भिंग फिरवलं, पडद्यावर तिचा चेहरा स्पष्ट झाला, आणि तिने सवयीने पदर सारखा केला.