एका मुलाने मोडला नियम!

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं, की लोणी काळभोर लागतं. तिथे मुळा-मुठेच्या काठी आहे राजबाग. ही बाग कोणाची होती, ओळखा पाहू! सिनेमावाल्या राज कपूरची! आता तिथे विद्यापीठ आहे.

राज कपूरचा १९५१ सालचा ‘आवारा’ आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. कथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते व्ही. पी. साठे. सिनेमा सुरू होतो तोच कोर्टात! आरोपीच्या पिंजऱ्यात राज कपूर. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याचे खरेखुरे वडील, पृथ्वीराज. आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत? खरेखुरे आजोबा, बशेश्वरनाथ! एकाच कोर्टात तीन पिढ्या!

गोष्टीत पृथ्वीराज झालेत रघुनाथ, आणि तेही न्यायाधीशच. त्यांचा नियम ठाम: सज्जनाचा मुलगा सज्जनच, चोराचा मुलगा चोरच! याच नियमापायी त्यांनी पुरेसा पुरावा नसताना जग्गा नावाच्या एका गुन्हेगाराच्या मुलाला शिक्षा दिली. जग्गाने सूड उगवला: एका मुलाला चोर बनवलं. आणि मग भर कोर्टात वकील रीटा सांगते, की पिंजऱ्यातला हा चोर राज म्हणजे रघुनाथांचाच मुलगा!

बाप रे! पण ही कलाटणी तर्काला पटते का?

समजा, तुम्ही म्हणालात, “आज वर्गात सगळ्यांनी डबा आणलाय.” हे खोटं ठरवायला किती मुलं लागतील? फक्त एक! शेवटच्या बाकावरचा तो बघा. दप्तर पालथं घातलं, वह्या निघाल्या, कंपासपेटी निघाली, डबा मात्र घरीच! संपलं तुमचं ‘सगळ्यांनी’!

असंच राजहंसांचं झालं. युरोपातले लोक शेकडो वर्षं म्हणत, राजहंस पांढराच असतो. १६९७ मध्ये डच खलाशी ऑस्ट्रेलियाला पोचले, तर समोर चक्क काळे राजहंस!

म्हणजे एकट्या राजमुळे रघुनाथांचा नियम मोडला. पण थांबा हं! एक जण डबा विसरला, म्हणून ‘कोणीच आणला नाही’ असं थोडंच होतं? तसंच, माणूस संगतीनेच घडतो हे एकट्या राजवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ खूप माणसं तपासतात. वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी भावंडंसुद्धा!

आणि रघुनाथांना एक पळवाट उरतेच! ती दिसली का? “मी सज्जन नव्हतोच,” असं ते म्हणाले, तर नियम वाचतो! बायकोवर विनाकारण संशय घेऊन त्यांनीच तिला घराबाहेर काढलं होतं ना? म्हणजे एक तर नियम सोडा, नाहीतर सज्जनपणा! दोन्ही काही हाती राहत नाहीत.

माझा निकाल सांगू? कलाटणी पास, अगदी पहिल्या नंबराने!