ओढ्याकाठचा वाळुंज

पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना पूर येतात आणि काठची कसदार माती दरवर्षी थोडथोडी वाहून जाते. काठ राखण्यासाठी दगडी बांधकाम करणे प्रत्येक शेतकऱ्यास परवडतेच असे नाही. मात्र जेथे काठाला बारमाही ओल असते, तेथे वाळुंजाची लागवड हा अल्प खर्चाचा उपाय आहे.

वाळुंजाचे शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. विलोच्या बहुतेक जाती थंड हवेत वाढतात. वाळुंज मात्र उष्ण प्रदेशातही चांगला वाढतो. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत नद्यांच्या व ओढ्यांच्या काठी, तसेच दलदलीच्या जागी तो आढळतो. आपल्याकडे सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी तो दिसतो. काश्मीरमध्ये ज्या विलोच्या क्रिकेटच्या बॅटी करतात, त्याची जात निराळी आहे.

ओळख

हा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष आहे. साल खडबडीत असून तिला उभ्या खोल भेगा असतात. पाने लांबट व टोकदार असून त्यांची खालची बाजू पांढुरकी दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस पाने गळतात आणि नव्या पालवीनंतर फुलांचे तुरे येतात. नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांना कापसासारखे तंतू असतात. परंतु बियांची उगवणशक्ती फार थोडे दिवस टिकते. म्हणून लागवड फाट्यांनीच करावी.

लागवड

पूर ओसरल्यावर, काठ ओला असतानाच, निरोगी झाडाचे अंगठ्याएवढ्या जाडीचे व सुमारे दोन फूट लांबीचे फाटे काढावेत. कोंबांची टोके वर ठेवून फाट्याचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत पुरावा व माती घट्ट दाबावी. मुळे धरेपर्यंत गुरांपासून राखण करावी. लागवड काठावरच करावी. ओढ्याच्या पात्रात केल्यास प्रवाह अडून समोरचा काठ खचण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नाल्यावर वाळुंजाचा आग्रह धरू नये. तेथे करंज किंवा निरगुडी लावावी.

वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या टोपल्या विणण्यास व पाला गुरांना चारण्यास उपयोगी पडतो. परंतु त्यासाठी झाड बुडापासून तोडू नये. काठची माती त्याच्या मुळांनीच धरलेली असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच गावातील जुने वाळुंज हेरून ठेवावेत, म्हणजे लागवडीच्या वेळी फाटे शोधत फिरावे लागणार नाही.